बिनशंखाच्या गोगलगायींवर नैसर्गिक उपाय : राख, चुना, कॉफी की आंबवलेले पीठ?

अंगणवेल (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार. इंदुरात पाऊस स्थिरावला की आमच्या परसात आणि गच्चीवरच्या गमल्यांत बिनशंखाच्या गोगलगायी निघू लागतात. रंग काळसर तपकिरी, पाठ राठ, पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ, आणि काडी लावली की अंग आक्रसून जागीच बसतात. मेथी, पालक आणि झेंडूची कोवळी रोपे रात्रीतून जमिनीलगत खाल्ली जातात. गिलकीच्या वेलाला आलेली पहिली पाने तर टिकतच नाहीत.

घरात लहान मूल आणि कुत्रा असल्यामुळे विषारी गोळ्या टाकायच्या नाहीत, हे ठरलेले आहे. शेजाऱ्यांनी राख सुचवली, माळ्याने चुना, बहिणीने अंड्यांची टरफले, आणि आंतरजालावर कॉफीपासून बिअरपर्यंत सर्व काही सापडते. माझे प्रश्न दोनच आहेत. यांपैकी कोणता पदार्थ भर पावसातही काम करतो, आणि कोणता पदार्थ माती बिघडवत नाही? ज्यांनी स्वतः वापरून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. ऐकीव उपायांचा साठा माझ्याकडे पुरेसा झाला आहे.

रामबागकर

गोवऱ्यांची चाळलेली राख वाफ्याभोवती चार बोटे रुंद पसरावी. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात. पैसा लागत नाही आणि कोणाचे नुकसानही होत नाही.

जुने_रसायन

रामबागकरांच्या तीन पिढ्यांचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. राख, चुन्याची भुकटी, डायटमी माती (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) आणि लाकडाचा भुसा हे पदार्थ एकाच तत्त्वावर चालतात : कोरडी भुकटी गोगलगायीच्या अंगावरचा चिकट स्राव शोषून घेते, त्यामुळे तिला पुढे सरकणे अवघड होते आणि तिच्या शरीरातील पाणी कमी होते. परंतु ही भुकटी एकदा भिजली की तिची शोषण्याची ताकद संपते. गोगलगाय बाहेर पडते ती पावसात किंवा दमट रात्री, म्हणजे नेमकी राख भिजलेली असतानाच. कोरड्या दिवसांत राख उत्तम काम करते; मात्र कोरड्या दिवसांत गोगलगायी मातीत दडून बसलेल्या असतात, त्यामुळे त्या राखेची परीक्षाच होत नाही.

दुसरा मुद्दा मातीचा आहे. माळव्यातील काळी माती मुळातच अल्कधर्मी आहे. तिचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. राख आणि चुना हे दोन्ही पदार्थ तो आणखी वर नेतात. सामू वाढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत जे चालेल ते इंदुरात वर्षानुवर्षे करत राहणे योग्य नाही.

टरफलांविषयीही लिहितो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसच्या रोपांवर पाच लोकप्रिय उपायांची तुलना केली होती : तांब्याची पट्टी, बारीक खडी, पाइनच्या सालीचे आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्यांची टरफले. काहीही न केलेल्या रोपांच्या तुलनेत या पाचांपैकी एकाही उपायाने नुकसान कमी झालेले आढळले नाही.

गच्चीवरची_मेथी

टरफलांचे निष्कर्ष वाचून समाधान वाटले. आमच्या सोसायटीत कोणी आम्लेट केले की टरफले माझ्या दारात ठेवली जातात. आता सर्वांना हा धागा पाठवून ही प्रथा सभ्यपणे बंद करता येईल.

सुदामानगरी

इंदूरच्या गोगलगायींनी रात्री उशिराच खायला बाहेर पडावे, यात नवल ते काय? रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या आपल्या सराफा खाऊबाजाराचे संस्कार आहेत. गमतीचा भाग सोडला तर बिअर खरोखर चालते. उथळ डबी मातीत पुरून, काठ मातीच्या थोडा वर ठेवून, अर्धी भरावी. सकाळी त्यात गोगलगायी बुडालेल्या आढळतात. अडचण एवढीच की पाऊस पडला की बिअर पातळ होते, आणि उरलेल्या बाटलीचे काय करायचे यावर घरात दरवेळी एकमत होईलच असे नाही.

वडोदेकर (वडोदरा)

आमच्या गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सुदामानगरी यांचा उपाय आम्हांला केवळ वाचण्यापुरताच आहे. परंतु गोगलगायीला ओढ असते ती मद्याची नव्हे, तर किण्वनाच्या वासाची, आणि तो वास पिठातूनही मिळतो. अमेरिकेतील ऑरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मैदा, पाणी आणि यीस्ट यांचे पातळसर मिश्रण आमिष म्हणून वापरले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेतातील चाचण्यांमध्ये ४८ तासांत १८ हजारांहून अधिक गोगलगायी या आमिषाकडे आल्याची नोंद आहे.

मी घरी वाटीभर मैदा, तेवढेच किंवा थोडे अधिक पाणी आणि चमचाभर कोरडे यीस्ट घेतो, दुपारी कालवून ठेवतो आणि संध्याकाळी फेस आला की करवंटीत ओतून वाफ्यात ठेवतो. वर कौलाचा तुकडा तिरका ठेवला की पाऊस आत पडत नाही. ढोकळ्याचे आंबलेले पीठही वापरून पाहिले आहे. त्याकडेही गोगलगायी येतात, परंतु यीस्टच्या मिश्रणाइतक्या नाहीत. बहुधा आपल्या पिठात जिवाणूंचे आंबणे अधिक आणि यीस्टचे कमी असते, म्हणून असावे.

देपालपूरचा_शेतकरी

धागा बागेचा आहे, पण शेतातले सांगतो. आमच्याकडे सोयाबीन आणि कडेला भाजीपाला आहे. सोयाबीनला गोगलगायीचा धोका उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असतो. दल (उगवताना येणारी पहिली जाड पाने) आणि कोवळा शेंडा खाल्ला गेला की ते रोप पुन्हा उभे राहत नाही; रोप मोठे झाल्यावर चार पाने गेली तरी उत्पन्नावर फारसा परिणाम होत नाही. लातूर आणि बीडकडच्या आमच्या नातलगांनी २०२२ च्या जुलैमध्ये शंखी गोगलगायीमुळे काही ठिकाणी दुबार पेरणीची वेळ आलेली पाहिली आहे. ती जात वेगळी, पण सवयी सारख्या.

तिकडच्या कृषी खात्याने आणि विद्यापीठांनी सांगितलेला उपाय साधा आहे आणि तो मी दरवर्षी करतो. गुळाच्या पाण्यात बारदान भिजवून संध्याकाळी बांधालगत ठिकठिकाणी पसरायचे. गोगलगायी रात्री त्याखाली गोळा होतात. उजाडताच, ऊन चढण्याआधी, बारदान उलटून त्या वेचायच्या आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. बादलीतले मिठाचे पाणी शेतात ओतायचे नाही. गुळाच्या पाण्यात थोडे यीस्ट घातले तर अधिक येतात, हे वडोदेकरांच्या म्हणण्याशी जुळते.

चुन्याविषयी जुने_रसायन यांचे म्हणणे वाफ्यापुरते मान्य आहे. पण शेताच्या बांधावर चार इंचांचा चुन्याचा पट्टा मारला तर पिकाच्या मुळांशी त्याचा संबंध येत नाही. गोगलगायी पडीक रानातून आणि बांधावरच्या गवतातून आत येतात, म्हणून पट्टा तिथेच उपयोगी. पाऊस झाला की पुन्हा मारावा लागतो, हे खरे.

जुने_रसायन

बांधावरच्या चुन्याला माझी हरकत नाही. तो मुद्दा मी बागेच्या अंगाने लिहिला होता आणि तुमचा शेताच्या अंगाने आहे.

माळवी_माती

कॉफीबद्दल कोणीच का लिहीत नाही? मी चहाचा चोथा धुऊन गुलाबाला घालते, तो गोगलगायींनाही दूर ठेवतो असे वाचले होते.

जुने_रसायन

कॉफीची कथा रंजक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे, पण ते बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितले जाते. हवाई बेटांवर अमेरिकेच्या कृषी विभागाचे संशोधक कोकी नावाच्या कर्कश ओरडणाऱ्या बेडकांवर कॅफिनचे द्रावण फवारून पाहत होते. त्या फवाऱ्याने गोगलगायी मरत असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि २००२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले. १ ते २ टक्के कॅफिनच्या द्रावणाने बहुतेक गोगलगायी दोन दिवसांत मेल्या, ०.०१ टक्के इतक्या अल्प प्रमाणातही त्यांचे खाणे कमी झाले.

आता प्रमाण पाहा. आपण पितो त्या इन्स्टंट कॉफीत साधारण ०.०५ टक्के कॅफिन असते. म्हणजे मारण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या विसावा भाग. कपातली कॉफी ओतून गोगलगायी मरतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. मात्र तिच्या शिडकाव्याने पाने बेचव होतील, ही अपेक्षा रास्त आहे, आणि तीही पुढचा पाऊस येईपर्यंतच. दुसरीकडे, २ टक्क्यांच्या द्रावणाने लेट्यूससारख्या काही वनस्पतींची पाने पिवळी पडली, हेही त्याच संशोधकांनी नोंदवले आहे. चहाच्या चोथ्यातील बरेचसे कॅफिन तुम्ही आधीच पिऊन टाकलेले असते, त्यात तो धुतलेला. तो गुलाबाला अवश्य घालावा, पण खत म्हणून.

शशीकाकू_राजेंद्रनगर

आमच्या लहानपणी श्रावणात शाक वर्ज्य असे, म्हणजे पालेभाजी घरात येतच नसे. पावसाळ्यात पालेभाजीचा हट्टच नसेल तर गोगलगायींशी वैरही राहत नाही. मुलांनो, ऋतूप्रमाणे लावा, ऋतूप्रमाणे खा. अळू लावा; अळूला मी कधी गोगलगायीचा फार त्रास झालेला पाहिला नाही.

गच्चीवरची_मेथी

काकू, तुमचा सल्ला शिरसावंद्य, पण आमच्याकडे अळूच्या पानांनाही भोके आहेत. आणि झेंडू तर दसऱ्यासाठी लावायचा असल्यामुळे त्याची रोपे पावसाळ्यातच करावी लागतात. त्याला श्रावणाचा नियम लावला तर दसऱ्याला तोरण विकत आणावे लागेल.

पक्षीवेडा

सर्वच जण मारण्याच्या गोष्टी करत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कुजका पाचोळा खाऊन त्याचे खतात रूपांतर करणाऱ्या जिवांत गोगलगायीही आहेत. भारद्वाज गोगलगायी आवडीने खातो. काजव्यांच्या अळ्या तर मुख्यतः गोगलगायींवरच जगतात. बेडूकही लहान गोगलगायी खातात. बागेच्या एका कोपऱ्यात दाट झुडूप ठेवले आणि कीटकनाशके थांबवली तर हे पाहुणे येतात. संपूर्ण निर्मूलन हे उद्दिष्टच चुकीचे वाटते.

रामबागकर

भारद्वाज सकाळी येतो आणि गोगलगाय रात्री जेवते. दोघांची गाठ घालून देण्याची जबाबदारी कोणी घ्यावी?

पक्षीवेडा

ती जबाबदारी देपालपूरच्या दादांच्या बारदानाने घ्यावी. सकाळी बारदान उलटून दहा मिनिटे बाजूला झालात तर भारद्वाज, साळुंक्या आणि कोंबड्या आपापला वाटा उचलतात.

कृषिस्नातक

इंदूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत असताना हा विषय थोडा जवळून पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम जात. अंगणवेल यांनी केलेले वर्णन, विशेषतः पाठीवरची फिकट रेघ, लीव्हिकॉलिस आल्टे या जातीशी जुळते. ही मूळची आफ्रिकेतील असून भारतात सर्वत्र पसरली आहे. हिचे कूळ व्हेरोनिसेलिडी. युरोपातील बागांत आढळणाऱ्या गोगलगायी वेगळ्या कुळांतील आहेत. आपली जात जाड कातडीची असल्यामुळे कोरडेपणा अधिक सोसते. त्यामुळे ब्रिटनमधील प्रयोगांचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावताना सावध राहावे. उलट जुने_रसायन यांनी सांगितलेला हवाईचा कॅफिन प्रयोग ज्या गोगलगायीवर झाला, ती याच कुळातील आहे. देपालपूरच्या दादांनी उल्लेख केलेली शंखी गोगलगाय म्हणजे आफ्रिकन महाकाय गोगलगाय. ती १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली.

आता वनस्पतिजन्य पदार्थ. लसणाच्या अर्काचा गोगलगायींवर परिणाम होतो, हे ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठातील प्रयोगांत दिसले आहे. तिथे वापरलेला अर्क शुद्ध आणि तीव्र होता. घरी ठेचलेल्या लसणाचे पाणी त्यामानाने सौम्य पडते आणि पावसाने धुऊन जाते. निंबोळी पेंड मी मातीसाठी सुचवतो, पण केवळ तिच्या भरवशावर रोपे सोडू नयेत.

रिठा हा मात्र दुर्लक्षित पदार्थ आहे. रिठ्यातील फेस करणारे सॅपोनिन गोगलगायींना घातक असते. १९६४ मध्ये इथिओपियातील अक्लिलू लेम्मा या शास्त्रज्ञांना ओढ्याकाठी असे दिसले की, जिथे स्त्रिया एंडोड नावाच्या झुडपाच्या फळांनी कपडे धूत होत्या, तिथून खालच्या बाजूला पाण्यातील गोगलगायी मरून पडल्या होत्या. त्या फळांतही सॅपोनिनच होते. या गोगलगायींमार्फत शिस्टोसोमियासिस हा रोग पसरत असल्यामुळे त्या निरीक्षणाला मोठे महत्त्व आले आणि लेम्मा यांना १९८९ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आपल्याकडे गोरखपूर विद्यापीठातही गोड्या पाण्यातील गोगलगायींवर वनस्पतिजन्य पदार्थांचे पुष्कळ काम झालेले आहे. परंतु सॅपोनिन माशांना अत्यंत विषारी आहे. चहाच्या बियांची पेंड मत्स्यतळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी वापरतात, ती याच गुणामुळे. म्हणून रिठ्याचे पाणी विहीर, कमळाचे टाके किंवा ओढा यांच्या जवळपास वापरू नये.

तंबाखूचा काढा काही पुस्तकांत अजूनही सुचवलेला असतो. तो मी सुचवणार नाही. निकोटीन त्वचेतून शरीरात जाते आणि माणसालाही विषारी आहे. शिवाय तंबाखूच्या भुकटीतून मोझॅकचा विषाणू टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांवर येऊ शकतो.

अंगणवेल यांच्या गरजेला सर्वांत जवळचा पदार्थ म्हणजे आयर्न फॉस्फेटचे आमिष. लोह आणि फॉस्फेट दोन्ही निसर्गात आढळतात आणि अनेक देशांतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत हे आमिष मान्य आहे. ते खाल्ल्यावर गोगलगाय लगेच मरत नाही, पण खाणे थांबवते आणि काही दिवसांत लपलेल्या जागीच मरते. त्यामुळे सकाळी मेलेल्या गोगलगायी दिसल्या नाहीत म्हणून औषध निरुपयोगी ठरवू नये, रोपांकडे पाहावे.

माळवी_माती

आयर्न फॉस्फेट सर्वस्वी निरुपद्रवी आहे का? निळ्या-हिरव्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

कृषिस्नातक

सर्वस्वी निरुपद्रवी असे मी म्हणणार नाही. काही उत्पादनांत लोह शरीरात लवकर भिनावे म्हणून ईडीटीए प्रकारचा पदार्थ मिसळलेला असतो आणि त्यामुळे ते गांडुळांनाही त्रासदायक ठरू शकते. म्हणून गोळ्यांचे ढीग करू नयेत, विरळ पसराव्यात. वेष्टणावर घटकाचे नाव वाचल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नये. मेटाल्डिहाइड (गोगलगायी मारण्याच्या गोळ्यांतील रासायनिक विष) लिहिलेले असेल तर ती अंगणवेल यांच्या घरासाठी नाही. ब्रिटनने २०२२ पासून मेटाल्डिहाइडचा उघड्यावरील वापर बंद केला, तो पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळेच.

शेपटीवाले_घर

मी पशुवैद्यक आहे. मेटाल्डिहाइडने कुत्र्याला काही तासांत थरथर आणि झटके येतात, त्यामुळे ते टाळण्याचा निर्णय योग्यच आहे. पण या धाग्यात निर्धोक म्हणून आलेले काही पदार्थ कुत्र्याच्या दृष्टीने निर्धोक नाहीत, याकडे लक्ष वेधतो.

कॅफिन कुत्र्यांना विषारी आहे; कॉफीची पूड किंवा तीव्र द्रावण त्यांच्या तोंडी लागता कामा नये. लसूण अधिक प्रमाणात पोटात गेल्यास त्यांच्या तांबड्या पेशी नष्ट होतात. आणि वडोदेकरांचे यीस्टचे पीठ : कच्चे फसफसलेले पीठ कुत्र्याने खाल्ले तर ते पोटात फुगते आणि त्यातून तयार होणारे अल्कोहोल रक्तात जाते. पिठाला येणारा वास कुत्र्यांनाही आवडतो. बिअरलाही हेच लागू आहे. आयर्न फॉस्फेटची गोळी एखाददुसरी गेली तर सहसा काही होत नाही, पण पूर्ण डबा फस्त केला तर लोहाची विषबाधा होते; तो कपाटात कुलूपबंद ठेवावा.

वडोदेकर

ही माहिती महत्त्वाची आहे, आभार. आमच्याकडे कुत्रा नसल्यामुळे करवंटी उघडी चालते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्याला मातीच्या पातळीवर बोट जाईल एवढी भोके पाडावीत, डबा अर्धा पुरावा आणि झाकणावर वीट ठेवावी. पावसाचाही प्रश्न त्यातच सुटतो.

अंगणवेल

सर्वांचे आभार. वाचता वाचता एक शंका आली. वेचणे हा उपाय बऱ्याच जणांनी सांगितला, पण हातांनी वेचले तर चालते का? आमचा मुलगा तर त्यांना काडीने उचलून शर्यत लावतो.

शेपटीवाले_घर

चिमटा किंवा हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. उंदरांच्या फुप्फुसातील एक कृमी, अँजिओस्ट्राँगायलस, गोगलगायींच्या शरीरात वाढतो आणि माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. संसर्ग बहुधा कच्ची गोगलगाय किंवा तिचे बारीक पिल्लू असलेली कच्ची भाजी खाल्ल्याने होतो. शर्यत चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र काडी लांब असावी आणि हात तोंडात जाण्यापूर्वी धुतलेले असावेत. कोशिंबिरीसाठीची पाने एकेक सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत.

शशीकाकू_राजेंद्रनगर

आणि पालक शिजवूनच खावा. आता तरी माझे ऐका.

गच्चीवरची_मेथी

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या गच्चीवर गोगलगायी आल्याच कशा, याचा शोध घेतला तेव्हा त्या ओल्या कचऱ्याच्या खताच्या पिंपाखाली सापडल्या. इंदुरात आता घरोघरी खत होते. मग खत करणे थांबवावे की काय?

माळवी_माती

असे अजिबात करू नका. खत ही तर आपल्या शहराची ओळख आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यात ढीग साधारण तीन महिन्यांत तीनदा पालटतात. ढीग नीट तापला आणि बाहेरचा थर पालटताना आत गेला तर गोगलगायींची अंडी टिकत नाहीत. आपल्या गच्चीवरच्या पिंपात मात्र माल थोडा असतो, तो तापत नाही, आणि तळाशी ओल राहते. पिंप विटांवर उचलून ठेवा, ओल्याइतकाच कोरडा पाला घाला, आणि खत गमल्यात टाकण्यापूर्वी एखादी दुपार उन्हात पातळ पसरा. साबुदाण्याएवढे पारदर्शक दाणे पुंजक्याने दिसले तर ती अंडी आहेत. ती वेगळी काढा.

कृषिस्नातक

यात भर म्हणून पाणी देण्याची वेळ. श्रावणातल्या उघडिपीत बरेच जण संध्याकाळी पाणी घालतात आणि रात्रभर माती ओली ठेवतात. तेच पाणी सकाळी दिले तर रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो आणि गोगलगायींचा वावर कमी होतो. याला पैसे लागत नाहीत, तरीही सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला हाच आहे. कोणी परदेशी संकेतस्थळे वाचून गोगलगायींना मारणारे सूत्रकृमी (मातीतील सूक्ष्म जंत) मागवण्याच्या विचारात असेल तर त्यांनी थांबावे. १९९४ पासून ब्रिटनमध्ये विकला जाणारा तो सूत्रकृमी थंड मातीसाठी आहे. आपल्या जुलै-ऑगस्टच्या उबदार मातीत तो टिकणार नाही.

अंगणवेल

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली असे वाटते. पावसात अडसर टिकत नाही, आमिष टिकते, आणि तेही झाकलेले असेल तरच. माती बिघडवणाऱ्यांत राख, चुना आणि मीठ. त्यामुळे परसात झाकणाचा डबा आणि बारदान, गच्चीवर चिमटा आणि सकाळचे पाणी, आणि रोपे चार-सहा पानांची होईपर्यंत गरज वाटलीच तर आयर्न फॉस्फेट विरळ पसरून, असे ठरवले आहे. झेंडूची रोपे मात्र या वर्षी ओसरीत टांगलेल्या ट्रेमध्ये करणार आहे.

रामबागकर

ओसरीत टांगणार असाल तर तिथे पाऊस लागत नाही. ट्रे टांगण्याऐवजी फळीवर ठेवा आणि फळीच्या पायांभोवती कोरडी राख घाला. मातीला राख लागणार नाही, राखेला पाणी लागणार नाही. यावर जुने_रसायन यांचे काय म्हणणे आहे?

जुने_रसायन

काहीही म्हणणे नाही. तिथे राखच घालावी.

सुदामानगरी

आयर्न फॉस्फेट बागेत ठीक आहे, पण देपालपूरच्या दादांना एकरी किती खर्च येईल? शेतात हे परवडते का?

देपालपूरचा_शेतकरी

सबंध शेतात टाकायचा विचारच करत नाही. त्रास बांधाकडून सुरू होतो, म्हणून कडेच्या पट्ट्यावर लक्ष ठेवले की पुष्कळ झाले. आमच्याकडे आता सोयाबीन फुलावर आले आहे, त्यामुळे यंदाचा धोका टळला; फक्त कडेच्या पालकात बारदान चालू आहे. पुढचे काम उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट केली की मातीत दडलेल्या गोगलगायी वर येतात आणि माळव्याच्या उन्हात वाळतात. बांधावरचे गवत आणि दगडांचे ढीगही तेव्हाच काढून घेतो. ज्यांच्याकडे वाफे रिकामे होतील त्यांनी खुरप्याने तेवढीच माती उलथून ठेवली तरी चालेल.